जिन्यावरची खोली

बडनेरा
१२ मे २०२४

गोपाल,

तुयी पोट्टी पोचली. गाडीत उलटी केली नाही. आल्याबरोबर दोन पोळ्या खाल्ल्या अन् झोपली. काळजी करू नोको.

हे पत्र पाहून तू हासशीन. चौथीच्या पुढं म्या पेन धरला तो फक्त राशनच्या दुकानात सही कराले. पण तुया वकिलानं सांगून ठेवलं ना, का त्या बाईले फोनवर बोलू देऊ नका. जसं काही मी चावतो. तुया बायकोनं मायं बोलणं फोनात भरलं अन् कोर्टात वाजवलं, त्यात मायी काय चूक. ‘पोट्टीले न्यायले आली तं तंगडं तोडीन’ एवढंच म्हणलं होतं. तोडलं तं नाही.

म्हणून आता हे कागदावर. शेजारची सत्यवतीबाई अकोल्याले रोज अपडाऊन करते, तिच्या हाती देऊन राहिली. तू स्टेशनवर तिच्यापासून घेजो अन् उत्तर बी तिच्याचपाशी देजो. तुया भाऊजीच्या हाती दिलं तं ते आठ दिवस खिशात ठेवतीन.

काल दुपारी टीवीवर एक पिक्चर पाहिला. मद्रासकडचा, हिंदी बोलणारा. त्यात एक माणूस तुयासारखाच. बायको सोडून गेली, हा लेकराले एकटा वाढवते. भात करपवते, गणवेश उलटा घालून देते. मंग ते बाई येते कोर्टात, म्हणते मायं लेकरू मले द्या. पैसेवाली. लेकराले घरी नेते अन् जिन्यावरच्या खोलीत कोंडून ठेवते, खाली पार्टी करते. शेवटी लेकरू कोर्टात उभं राहते अन् सारं सांगते. म्हणते, पैदा माँ ने किया, पाला पापा ने. सारं कोर्ट रडते. जजबी चष्मा पुसते. पाच मिनिटांत केस खतम. तुयी दोन वर्सं चालू आहे.

प्रतीक्षानं बी पाहिला. जागची हालली नाही.

कौशल्या

*

अकोला
१७ मे २०२४

ताई,

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून शाळेतल्यासारखंच आहे, रेषेवर बसवलेलं.

डाळमिलमध्ये हंगाम चालू आहे, मशीन बंद पडली की मलेच बोलावतात. घरी आलो की बरं वाटत नाही. तिची पिवळी रिबीन दरवाज्याच्या कडीले तशीच आहे. काढली नाही.

तारीख २० जूनची लागली. त्या दिवशी जज मॅडम प्रतीक्षाले एकटीले आपल्या खोलीत बोलावणार आहेत. मी नाही, रागिणी नाही, वकील नाही. तिले विचारतील कोणापाशी राहायचं. आठ वर्षांच्या पोरीचं ऐकतात म्हणे.

कोर्टाची समुपदेशक बाई घर पाहून गेली. खोल्या दोन, वर टिनं, संडास सामाईक, सारं लिहून घेतलं. वेणी कोण घालते विचारलं. मी म्हणलं, मी घालतो. तिनं तेही लिहून घेतलं. जाताना म्हणाली, घर लहान आहे पण पोरगी मोकळी आहे. वकील म्हणतो हे आपल्या बाजूचं आहे. पोरगी तिच्या मनचं बोलली तरी पुरे. चार वर्षांची होती तवा रागिणी नर्सिंगच्या कोर्सले अमरावतीले गेली, मग नोकरी लागली, मग आलीच नाही. चार वर्षं ती माझ्याचपाशी आहे. कोणी विचारलं तर ती दुसरं काय सांगणार.

म्हणून ताई एकच. तिले काही शिकवू नको. तुले मी ओळखतो.

तुझा
गोपाल

*

बडनेरा
३० मे २०२४

गोपाल,

ओळखतो म्हणे. तुले आंघोळ म्या घातली, नाक म्या पुसलं, अन् तू मले ओळखतं.

कायले शिकवू मी तिले. मले कुठी येते शिकवायले. सकाळी थोडं पाठांतर घेतो तेवढं, शाळेचं. तिचं डोकं तेज आहे. दोनदा सांगतलं का तिसऱ्यांदा स्वतःच म्हणून दाखवते. आरशापुढं उभी करतो, हात मागं, मान वर. भीड मोडाले पायजे. तुयासारखी झाली तं कोर्टात चपलाइकडं पाहत बसन.

तुये भाऊजी म्हणतात, काहून पोरीले तरास देतं सुट्टीत. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून त्याह्यले सारंच तरास वाटते. म्या म्हणलं, तुमी पेपर वाचा.

रागिणीची रविवारची भेटायची पाळी झाली. बडनेऱ्याच्या स्टेशनबाहेर घ्यायले आली होती. मले पाहून रिक्षातून उतरली नाही. पोट्टी जाऊन बसली. संध्याकाळी आणून सोडली, हातात मोठं चॉकलेट. म्या काही बोलली नाही. म्या बोलली तं ते भरून ठेवते.

पोट्टीले १५ तारखेले आणून सोडतो. कपडे धुऊन इस्त्री करून देतो. कोर्टाच्या दिवशी निळा फ्रॉक घालजो.

कौशल्या

*

अकोला
२१ जून २०२४

ताई,

काल झालं.

मॅडमच्या खोलीत प्रतीक्षा पाऊण तास होती. वकील म्हणाला होता दहा-पंधरा मिनिटं लागतात. बाहेर बाकावर एका टोकाले मी, दुसऱ्या टोकाले रागिणी. मधात एक माणूस डबा खात होता.

मग मले आत बोलावलं. एकच प्रश्न विचारला अन् जा म्हणलं. निकाल पुढच्या तारखेले.

प्रतीक्षा बाहेर आली ती रडली नव्हती. काही सांगत नाही. मीही विचारलं नाही. घरी येऊन तिनं वरण-भात खाल्ला.

गोपाल

*

बडनेरा
२४ जून २०२४

गोपाल,

असं पत्र लिहितात काय. तारेसारखं. पाऊण तास बसली म्हणजे पाऊण तास बोलली ना. चांगलंच आहे. मॅडम रडली का. काय बोलली ते पोट्टीले इचार अन् लिही. सारं बोलली का मधातच विसरली. अन् तुले कोणता प्रश्न इचारला, थे लिहायले शाई संपली होती काय.

निळा फ्रॉक घातला होता का.

लवकर लिही. सत्यवतीबाई रोज हात हालवत येते अन् मी रोज दारात उभी.

कौशल्या

*

अकोला
९ जुलै २०२४

ताई,

उशीर झाला.

पाच तारखेले निकाल लागला. प्रतीक्षा रागिणीपाशी राहणार. मले महिन्यातून दुसरा अन् चौथा रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, अमरावतीतच. तिले अकोल्याले आणायचं नाही. तुझ्या घरी ठेवायचं नाही, असंही लिहिलं आहे.

सात तारखेले नेऊन दिली. बॅग मी उचलली होती, तिनं पुस्तकं. रागिणी दारात होती. प्रतीक्षानं मले विचारलं, आता जाऊ का आत? मी म्हणलं, जा.

निकालात काय लिहिलं ते वकिलानं वाचून दाखवलं. तसंच तुले सांगतो. मुलीनं सांगितलं की ती लहान असताना आई तिले जिन्यावरच्या खोलीत कोंडून ठेवायची अन् खाली पाहुण्यांमधे बसायची. मॅडमनं विचारलं जिना कुठून चढतो. ती म्हणाली हॉलमधून. पायऱ्या किती. म्हणाली खूप. आपल्या घराले जिना नाही, ताई. टिनं आहेत. समुपदेशक बाईचा कागद मॅडमच्या पुढ्यातच होता.

मग म्हणे मॅडमनं तीनदा वेगवेगळं करून विचारलं, तुला कुठे राहायचं. तीनही वेळा ती उठून उभी राहिली, हात मागे घेतले अन् तेच वाक्य बोलली. जन्म आईनं दिला पण वाढवलं बाबांनी. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

निकालात लिहिलं आहे, मुलीस पढवून आणलेलं दिसतं, तिचं स्वतःचं मत कळून येत नाही.

मले आत बोलावून जो प्रश्न विचारला तो हाच. कोणी शिकवलं. मी म्हणलं, मी.

गोपाल

*

बडनेरा
१२ जुलै २०२४

गोपाल,

तीन दिवस पत्र फळीवर ठेवलं होतं. आज लिहितो.

म्या शिकवलं. तुले माहीतच अशीन. तरी लिहून देतो, का म्या शिकवलं. पाठांतर शाळेचं नव्हतं. पिक्चर पाहिला त्या दिवशीच मनात आलं. वाक्य हिंदी होतं, म्या मराठी केलं. खोलीचं बी म्याच टाकलं. पोट्टी म्हणे, आत्या, आईनं तं मले कोंडलं नव्हतं. म्या म्हणलं, थे लहानपणी, तुले आठवत नाही. तिनं मायाकडं पाहिलं अन् मंग म्हणून दाखवलं.

जिन्याचा मले बी इचार आला नाही. पिक्चरमधे होता, म्हणून आला. तुयं घर मले माहीत नाही काय. तरी मायं डोकं तिकडं गेलंच नाही. मी फक्त इतकं पाहत होती का पोट्टी अडकते कुठी.

तिले काही न शिकवता पाठवली असती तं आज ते तुयापाशी राहिली असती. थे तुया वकिलानं आधीच सांगतलं होतं अन् तू मले लिहिलं होतं. म्या वाचलं होतं.

तू कायले म्हणलं, मी शिकवलं. कोणी सांगतलं होतं तुले मधात पडायले. आत्यानं शिकवलं म्हणला असता तं कोर्टानं मले काय फाशी दिली असती. मायं तोंड त्याह्यले माहीतच आहे. तुयं नाव तं चांगलं होतं.

मी सांगतो कोर्टात. वकिलाले इचार कुठी येऊ. नाहीतं मी पहिले रागिणीकडं जातो.

कौशल्या

*

अकोला
१८ जुलै २०२४

ताई,

एक गोष्ट मी लिहिली नाही. आता लिहितो.

१९ जूनच्या संध्याकाळी, तारखेच्या आदल्या दिवशी, मी भाजी कापत होतो. प्रतीक्षा मोरीजवळच्या आरशापुढं उभी राहून हळू आवाजात म्हणत होती. सारं. खोलीचं, जिन्याचं, जन्म आईनं दिला. दोनदा म्हणली. मले पूर्ण ऐकू आलं.

मी उठून टीवीचा आवाज वाढवला.

मले कळलं होतं हे तू शिकवलं. मले हेही कळलं होतं की हे खोटं आहे. तेव्हा माझ्या मनात काय आलं सांगू. जिना नको म्हणायले पाहिजे, मोरी म्हणायले पाहिजे. म्हणजे मले खोटं नको नव्हतं, ताई. ते नीट बसावं एवढंच पाहिजे होतं. तेवढंही मी सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर ते माझं झालं असतं.

म्हणून मॅडमनं विचारलं तेव्हा मी म्हणलं, मी. ते खोटं नव्हतं.

वकील चिडला आहे. म्हणतो अजून नागपूरले हायकोर्टात जाता येते. आत्याचं लिहून आणा, बापाचा हात नव्हता म्हणून. मग पुन्हा पोरीले विचारा म्हणून अर्ज करू. मी अजून ठरवलं नाही.

चौदा तारखेले दुसरा रविवार होता तो गेला. वडाळीच्या बगिच्यात नेलं. ती झोक्यावर बसली नाही. मी बस म्हणलं तर बसली. उतर म्हणलं नाही, तर तासभर बसूनच होती.

गोपाल

*

अमरावती
४ ऑगस्ट २०२४

कौशल्याताई,

परवा तुम्ही आलात. मी दार उघडलं आणि तुम्ही उंबऱ्याबाहेरच उभं राहून म्हणालात, म्या शिकवलं. मी बसा म्हटलं, तुम्ही बसला नाहीत. तसं लिहिलेला कागद दिलात तो मी घेतला. सही पाहिली. नंतर मला बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. आवाज भरून ठेवणं आता पुरे झालं.

तुमचा कागद माझ्याकडे आहे. गोपालना नागपूरला जायचं असेल तर तो मी त्यांना देईन. लपवणार नाही. पण प्रतीक्षाला मी आपण होऊन परत देणार नाही. तिच्याशिवाय मी चार वर्षं काढली. तुम्ही म्हणता सोडून गेली. हॉस्टेलमध्ये मुलं ठेवू देत नव्हते, आणि घरी यायचं तर तुमचा फोन यायचा. ते जाऊ द्या.

दुसरं लिहायचं आहे.

तुम्ही आलात तेव्हा प्रतीक्षा आत होती. आवाजावरून ओळखलं तिने. तुम्ही गेल्यावर बाहेर आली आणि मला म्हणाली, आत्यानं परत विचारलं तर काय सांगू?

हे तुमच्यापुरतंच नाही. सकाळी मी विचारते, पोहे करू की उपमा. ती माझ्या तोंडाकडे बघते. म्हणते, कोणतं सांगू? मी म्हणते, तुला आवडेल ते. मग ती जे मी आदल्या दिवशी केलं होतं त्याचं नाव घेते. शाळेत बाईंनी विचारलं, सहलीला येणार का. म्हणाली, घरी विचारून सांगते काय सांगायचं ते. बाईंना तो आज्ञाधारकपणा वाटला. मी दवाखान्यात काम करते, रोज मुलं बघते. मला तसं वाटत नाही.

सगळं तुमच्यावर टाकणार नाही. तारखेच्या आधी मे महिन्यातल्या त्या रविवारी मी तिला चॉकलेट दिलं होतं आणि सांगितलं होतं, मॅडमनी विचारलं तर आईकडे म्हण. फक्त आईकडे, एवढंच म्हण. तिने मान हलवली होती. तुमचं लांब होतं, माझं लहान होतं, इतकाच फरक.

हे मी कोर्टात कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही हे पत्र कोर्टात दिलंत तरी चालेल.

रागिणी

*

बडनेरा
६ ऑगस्ट २०२४

गोपाल,

सोबत रागिणीचं पत्र आहे. म्या चारदा वाचलं. एक-दोन शब्द सत्यवतीबाईले इचारले.

दारातून मले आतला पडदा दिसत होता. पडद्याखाली पोट्टीचे पाय होते. हालले नाही.

हे पत्र वकिलाले दाखव. तिनं बी शिकवलं होतं, तिच्या हातचं लिहिलेलं आहे. मायी सही तिच्यापाशी आहे. दोन्ही लावले तं केस फिरन, मले इतकं तं समजते. नागपूरले जा. तुये भाऊजी म्हणतात सोबत येतो. आपण लढू अन् आणू तिले.

तुले काय करायचं थे लवकर सांग. तू नेहमी उशीर करतं.

कौशल्या

*

अकोला
१४ ऑगस्ट २०२४

ताई,

पत्र वकिलाले दाखवलं नाही.

अकरा तारखेले भेट होती. बगिच्यात बसलो होतो. मी ठरवून गेलो होतो की तिले विचारायचं, एकदाच, तुले खरंच कुठं राहायचं. तिथं झाडाखाली कोणी नव्हतं, वकील नव्हता, मॅडम नव्हती. मी विचारलं.

ती उठून उभी राहिली. हात मागे घेतले.

मी म्हणलं, बस. ती बसली. मी म्हणलं, काही सांगू नको. ती म्हणाली, बरं. मग आम्ही भेळ खाल्ली.

वकिलाचा फोन आला होता. नागपूरले गेलं तर पहिली गोष्ट तेच करतील, तिले खोलीत बोलावून विचारतील. कदाचित दोनदा. पुन्हा समुपदेशक, पुन्हा मॅडम, नाहीतर साहेब. आपण जिंकू म्हणतो. रागिणीही तुझा कागद अडवून ठेवणार नाही असं दिसते. जिंकू तर ते तिच्या उत्तरावर जिंकू. अन् तिच्यापाशी आता उत्तर नाही. ती कोणाचं तरी आणून देईल.

म्हणून मी नाही जात. वकिलाले तसं सांगितलं. तो म्हणाला, विचार करा, तुमचीच पोरगी आहे. मी म्हणलं, म्हणूनच.

ती रागिणीपाशी राहू दे. शाळा जवळ आहे. रागिणीले मी लिहिलं आहे की पोहे-उपमा विचारू नको, जे करशील ते वाढ. सहलीले पाठवायचं तर पाठव. वर्षभर तिले कोणीच काही विचारू नये. मी तर महिन्यातून दोनच दिवस आहे, मले जमेल.

तू लढू म्हणलं. मले माहीत आहे तुले हे आवडणार नाही. रागाव पाहिजे तर.

घरी ठीक आहे. मिलमध्ये आता मी रात्रपाळी मागून घेतली.

गोपाल

*

बडनेरा
२० ऑगस्ट २०२४

गोपाल,

रागावली नाही. दोन दिवस बसून पाहिलं राग येते का. आला नाही.

तू म्हणतं तसंच होऊ दे. रागिणीले निरोप पाठवला का मायी सही तिच्यापाशीच ठेव, लागन तवा लागन. तिचा उलट निरोप आला, बरं.

पंचवीसले तुयी पाळी आहे. बडनेऱ्यालेच उतरशीन. मी स्टेशनवर येत नाही, माया मनानं येत नाही, कोर्टानं लिहिलं म्हणून नाही. मले पाहिलं का पोट्टी उभी राहीन.

तुये भाऊजी येतीन. त्याह्यच्यापाशी डबा देतो. ज्वारीची भाकर, भेंडी अन् थोडा शिरा. खाली बसून दोघंबी खा. तिनं शिरा टाकला तं टाकू दे. खाल्ला तं खाऊ दे.

आवडला का म्हणून इचारू नोको.

कौशल्या